व्हॅन गॉगची खोली: निळी की जांभळी?

२०१९ साली पॅरिसच्या आतलिए दे ल्युमिएरमध्ये व्हॅन गॉगची चित्रं पाहिली, म्हणजे त्यांच्या आतच उभा राहिलो. जुना ओतकामाचा कारखाना, १४० प्रोजेक्टर, उंच भिंतींवर पसरलेली सूर्यफुलं. डोळे दिपले. मग आर्लमधल्या त्याच्या खोलीच्या निळ्या भिंती आल्या आणि मी थबकलो. कारण १८८८ च्या पत्रात तो भाऊ थिओला लिहितो, की भिंती फिकट जांभळ्या आहेत!

जांभळा गेला कुठे? निळ्यात मिसळलेला लाल रंग कच्चा होता. त्याचे रेणू प्रकाश शोषतात आणि त्या ऊर्जेनं हळूहळू तुटतात. तुटलेला रेणू लाल दिसत नाही. निळा टिकला. कडक उन्हात वाळवलेल्या साडीचं होतं, तेच इथं, फक्त वर्षं जास्त लागली. म्हणून तर संग्रहालयांत उजेड मंद ठेवतात (मला पूर्वी तो कंजूषपणा वाटे).

प्रोजेक्टरला ही भीती नाही, तिथं विटायला रंगच नाही. उलट निळ्या प्रकाशात थोडा लाल मिसळला, की भिंत पुन्हा जांभळी. अस्सल कॅनव्हासला हात न लावता. मला ती खोली एकदा तशी पाहायची आहे.