जागल्याचा पगार

"आबा, सौदी अरेबियानं पाकिस्तानशी करार केलाय. एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला. आपणही कुणाशी तरी असा करार करायला नको का?"

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या खामगावच्या घराच्या ओट्यावर आबा शेंगा फोडत बसले होते. मला स्पर्धा परीक्षेच्या निबंधासाठी चार-पाच मुद्दे हवे होते. आबांनी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांच्याकडे मुद्दे कधीच नसतात. गोष्टी असतात, आणि प्रत्येक गोष्टीच्या पोटात एक तक्रार असते.

"करार वाचला का?"

"बातमी वाचली."

"बातमी म्हणजे लग्नपत्रिका. संसार कसा झाला ते पत्रिकेवरून कळत नाही." त्यांनी टरफलं बाजूला लोटली. "एकावर हल्ला म्हणजे दोघांवर, इथवर ठीक. पण हल्ला झाला हे ठरवणार कोण? लढाई संपली हे कोण ठरवणार? आणि मधल्या काळात शिपायाचा पगार कोण देणार? हे न विचारता सही केली की काय होतं, ते पाहायला रियाधला जायचं काम नाही. तू बसली आहेस ती जमीन त्याच पगारात गेली."

"खामगाव?"

"अख्खं वऱ्हाड. साखरखेर्डा ठाऊक आहे?"

"सिंदखेडराजा तालुक्यातलं."

"१७२४ साली तिथं निजामुल्मुल्कानं मुबारिजखानाला मारलं आणि गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. हैदराबादचं राज्य असं आपल्या जिल्ह्यात जन्मलं. आणि सव्वाशे वर्षांनी हाच जिल्हा त्याच राज्यानं गहाण टाकला. कुणी हरवलं म्हणून नाही हं. मित्रानं पगार मागितला म्हणून."

मी वही उघडली. आबांना वही उघडलेली आवडते.

"१७९८ ला निजामानं ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. १८०० ला तो पक्का झाला. कंपनी फौज ठेवणार, निजामाचं रक्षण करणार, आणि खर्चापोटी निजामानं बळ्ळारी, कडप्पा, अनंतपूर हा मुलूख कायमचा तोडून दिला. म्हणजे रक्षणाचे पैसे आगाऊ चुकते झाले. लिहिलंस? आता पुढचं कलम. लढाई झाली तर निजामानं स्वतःचे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार कंपनीच्या मदतीला द्यायचे. त्या 'तर'खाली रेघ मार."

मी मारली.

"लढाई झालीही. १८०३. असई, मग आपल्या शेजारचं अडगाव, मग गाविलगड. शिंदे-भोसले हरले. पण इंग्रजांना निजामाचे स्वार काही पसंत पडले नाहीत. मग रसेल नावाच्या रेसिडेंटनं निजामाच्या खर्चानं, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक शिस्तीची फौज उभी केली. पुढं तिलाच हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. १८१८ ला पेशवाई बुडाली, पेंढारी संपले. लढायला उरलं कोण? तरी फौज उभीच. वर्षाला सुमारे चाळीस लाख रुपये!"

"पण तहात तर लढाईच्या वेळचंच..."

"तेच तं सांगून राह्यलो मी!" आबा एरवी शाळेतली मराठी बोलतात. चिडले की त्यांची भाषा घाट उतरते. "ज्वारी निसवली की आपन शेतात जागल्या ठेवतो का नाई? रात्रभर माळ्यावर बसते, रानडुकरं हाकलते. खळं झालं की त्याले पायली-दोन पायली देऊन मोकळा करतो. आता समज, सावकारानं त्याचा मानूस जागल्या म्हनून बसवला. खळं झालं, तरी तो माळ्यावरच. उन्हाळ्यात, उघड्या वावरात! पगार तुह्या खात्यावर, हुकूम सावकाराचा. पगार थकला की व्याज. व्याज थकलं की वावर लिहून दे. अन् ते कायच्या पायी? जागल्याच्या पगारापायी!"

आतून आजीचा आवाज आला, "हळू बोला, शेजारचे म्हणतील भांडण लागलं."

आबा पुन्हा घाटावर आले. "२१ मे १८५३. डलहौसी गव्हर्नर जनरल. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव, तिन्ही कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हाती गेले. १८६० ला रायचूर-धाराशिव परत दिले, निजामाकडचं पन्नास लाखांचं कर्जही सोडून दिलं. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. का, विचार."

"का?"

"कापूस! इथली काळी जमीन पाहिलीस ना? निजामाचा दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागत थेट विलायतेला जाऊन आला. काही नाही. १९०२ ला कर्झननं निजामाकडून कायमचा पट्टा लिहून घेतला, वर्षाला पंचवीस लाख खंडावर. आणि दुसऱ्याच वर्षी कंटिंजंट मोडून हिंदी लष्करात मिसळून टाकली. कळलं का? जागल्या नोकरी सोडून गेला, वावर सावकाराकडेच राहिलं."

"पण आबा," मी म्हटलं, "शत्रू खरंच आला असता तर? निजाम एकटा काय करणार होता? शेजारी मराठे, तिकडे टिपू. भीती खरीच होती ना?"

"होती."

"मग?"

"मग काय, करार करायचा. कोण नाही म्हणतं?" हा मुद्दा त्यांनी शेंगेच्या टरफलासारखा फेकून दिला. मला तो तसा टाकता येईना. "पुढं ऐक. पहिल्या महायुद्धात निजामानं मदत केली, म्हणून १९१८ ला त्याला 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' असा किताब मिळाला. त्या जोरावर त्यानं वऱ्हाड परत मागितलं. १९२६ ला व्हाइसरॉय रीडिंगचं उत्तर आलं की कुठल्याही संस्थानिकाला ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्यानं बोलणी करता येणार नाहीत. दोस्त म्हणायचं आणि बरोबरीला बसू द्यायचं नाही. आपल्या वऱ्हाडाच्या मागणीवरून सगळ्या संस्थानिकांची जागा ठरली, आणि शाळेच्या पुस्तकात त्यावर ओळ नाही. पुण्याच्या मंडळींना वसईचा तह पाठ. १८५३ चा विचारा, माना खाली. खामगाव-जालना रेल्वेचं तरी काय झालं? शंभर वर्षं मागणी..."

"आबा, रेल्वे नको. १९३९ ची लढाई सांगा."

रेल्वेपाशी थांबवलं की आबा दहा मिनिटं रुसतात. त्या दिवशी आजीनं चहा आणल्यानं पाचांत भागलं.

"१९३६ च्या करारानं निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' केलं आणि वऱ्हाडात इंग्रजांच्या झेंड्याशेजारी निजामाचाही झेंडा लावायला परवानगी दिली. माझे वडील म्हणायचे, झेंडे दोन, सारा भरायची खिडकी एकच. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं जाहीर केलं की हिंदुस्थान लढाईत उतरला आहे. नागपूरच्या विधिमंडळाला विचारलं नाही, दिल्लीच्याही नाही. कायद्यानं वऱ्हाड निजामाचं, कारभार इंग्रजांचा. म्हणजे आपण एकाच लढाईत दोन दारांनी ढकललो गेलो, आणि दोन्ही दारांत आपल्याला विचारणारं कुणी नव्हतं. काँग्रेसनं वर्ध्याला बसून विचारलं की ही लढाई स्वातंत्र्यासाठी आहे म्हणता, तर त्यात आमचं स्वातंत्र्य येतं का? उत्तर मिळालं नाही. नोव्हेंबरात रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला."

"ते चुकलं नाही का? समोर हिटलर होता."

आबांनी पहिल्यांदाच शेंगा खाली ठेवल्या.

"हा प्रश्न तेव्हाच्या मराठी माणसांनाही पडला होता. उत्तरं एक आली नाहीत. आंबेडकरांचं म्हणणं होतं की नाझी जिंकले तर बोलायला काही उरणारच नाही. ते १९४२ ला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. सावरकर म्हणत होते, सैन्यात शिरा. आपले वणीचे बापूजी अणे, टिळकांचे अनुयायी, १९४१ ला त्याच मंडळात जाऊन बसले. यातल्या कुणाला भित्रा किंवा विकलेला म्हणशील तर माझ्या ओट्यावरून उठ. तिकडे पवनारला १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्यांची मागणी काय होती?"

"स्वराज्य."

"नाही! इथंच तुमचे क्लासवाले चुकतात. मागणी एवढीच होती की या लढाईत मदत करू नका हे उघड बोलायची मोकळीक द्या. गांधींनी आधी व्हाइसरॉयकडे तीच मागितली. विलायतेत एखादा माणूस म्हणाला, माझ्या विवेकाला लढाई पटत नाही, तर त्याला तसं राहता येत होतं, बोलताही येत होतं. फक्त शिपायाला आणि कारखान्यातल्या मजुराला फितवायचं नाही. व्हाइसरॉय त्याच्या पुढं सरकायला तयार झाला नाही. विनोबा चार दिवसांत पकडले गेले, पंडित नेहरूंना चार वर्षांची सजा झाली. बोलल्याबद्दल."

मला त्याच वर्षीचा, पाकिस्तानशी संघर्ष पेटला तो मे महिना आठवला. सायरनची तालीम झाली होती, रात्री मोबाइल हातातून सुटत नव्हता. पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून अटक झाली, आणि महिनाअखेर मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला. त्या दिवसांत मीही चार ओळी लिहून पुसल्या होत्या. त्यांत वाईट काही नव्हतं. सीमेवरच्या गावांतली गुरंढोरं कुठं नेतात, एवढंच विचारलं होतं. हे मी आबांना सांगितलं.

"पुसल्या का?"

"वाटलं, आत्ता नको. शत्रू खरंच समोर असताना नको. आबा, मी तेच विचारतेय कधीची. तेव्हा गप्प बसणं चूक आहे का?"

"चूक नाही," आबा म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. आबांच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. "तू स्वतःहून गप्प बसलीस ते तुझं. तुला गप्प बसवणाऱ्याला मात्र कारण सांगावं लागलं पाहिजे. विमलाबाई देशपांडे हे नाव ऐकलंस?"

"नाही."

"ऐकणार कुठून! महायुद्धात भारत संरक्षण नियम होते. पोलिसाला नुसता संशय आला तरी माणूस आत. अशाच एका अटकेविरुद्ध या बाई नागपूरच्या उच्च न्यायालयात गेल्या. वऱ्हाडही त्याच न्यायालयाखाली होतं. न्यायालय म्हणालं, संशय वाजवी होता हे पोलिसानं दाखवावं. सरकार चिडून लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेलं. १९४६ ला तिथंही बाईंच्याच बाजूनं निकाल लागला. आणि ऐक, त्याच लंडनमध्ये १९४१ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सनं आपल्या गृहमंत्र्याला 'संशयाची कारणं दाखवा' म्हणायला नकार दिला होता. एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन विरोधात राहिले. नागपूरचा निकाल त्यापेक्षा कडक!"

"म्हणजे न्यायालयं वाचवतात."

"उगाच टाळ्या वाजवू नकोस. २२ एप्रिल १९४३ ला केशव तळपदे खटल्यात फेडरल कोर्टानं स्थानबद्धतेचा नियमच बेकायदा ठरवला. सरकारनं सहा दिवसांत वटहुकूम काढून तो मागच्या तारखेपासून कायदेशीर करून टाकला. सहा दिवस! आमच्या पेन्शनच्या एका सहीला अकरा महिने लागले, ते मी सांगत बसत नाही."

ते त्यांनी सांगितलंच. इथं गाळते.

"मग माझ्या निबंधात काय लिहू? करार करावा की नाही?"

"करार कर. पण १९७१ च्या ऑगस्टमधला रशियाशी झालेला तह काढून वाच. नववं कलम. हल्ला झाला किंवा धोका दिसला तर दोघांनी ताबडतोब सल्लामसलत करायची, असं आहे. आपोआप लढाईत उतरायचं असं कुठंही नाही. लढाई कधी, किती, हे ठरवणं आपण हातात ठेवलं. ज्यानं तो मसुदा केला त्याला १८५३ ठाऊक असणार, असं मला आपलं वाटतं. पुरावा नाही."

"म्हणजे ७१ ला सगळं बरोबर केलं?"

"बाहेरच्यांशी केलं." त्यांनी सूप उचललं. "घरातलं तू पाहा. स्थानबद्धतेचा मिसा कायदा कधी आला, आणीबाणी कधी लागली, कधी उठली. मी सांगितलं की तू म्हणशील, आबा पुन्हा सुरू झाले."

दिवे गेले होते. ओट्यावर बसूनच मी मोबाइलवर तारखा काढल्या. पहिल्या पानावर 'तर'खाली रेघ होती, तिच्याखाली त्या उतरवून घेतल्या. मिसा कायदा, जुलै १९७१. बाह्य आक्रमणाच्या कारणानं आणीबाणी, ३ डिसेंबर १९७१. ढाक्यात शरणागती, १६ डिसेंबर १९७१. त्याच मिसाखाली विरोधी पुढारी तुरुंगात, जून १९७५. तेरा दिवसांच्या लढाईसाठी लावलेली ती आणीबाणी उठली मार्च १९७७ मध्ये.