रऊबेनाचें मौन: शाळेंत होणारा छळ व आपलें कर्तव्य

शास्त्रभाग: उत्पत्ति ३७:१–३०, ४२:२१, २२, ४४:१८–३४.
मुख्य विचार: छळ पाहून मनांत हळहळणें पुरेसें नाहीं, वेळेवर व उघडपणें बोलणें हेंच प्रीतीचें काम आहे.

योसेफाची गोष्ट आपण लेंकरांना लहानपणींच शिकवितों. तरी ती वाचतांना एक गोष्ट आपल्या ध्यानांतून निसटते. भावांनीं खड्ड्यांत टाकलें तेव्हां योसेफ सतरा वर्षांचा होता. म्हणजे आज बारावींत बसणाऱ्या मुलाएवढा. म्हणून ही गोष्ट केवळ बाळवर्गाची नव्हे. ती हायस्कुलाचीही आहे.

१. छळाचा आरंभ कसा होतो. याकोबानें एका मुलास पायघोळ झगा दिला व इतरांच्या मनांत मत्सर पेटला. ह्यावरून आईबाप व शिक्षक यांनीं बोध घ्यावा, कीं पक्षपातानें लाडक्या मुलाचेंही हित होत नाहीं. प्रथम भावांचें गोड बोलणें बंद झालें. मग त्यांनीं योसेफास टोपणनांव दिलें. नंतर झगा ओढून काढला. आणि शेवटीं खड्डा आला. आधीं जीभ, मग हात, हा छळाचा क्रम आहे. जो चिडवण्याला थट्टा म्हणून सोडून देतो, तो खड्ड्याची वाट मोकळी करतो.

आपल्या बीड जिल्ह्यांत हें दूरचें नाहीं. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी ह्या भागांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. जीं मुलें आईबापांबरोबर जातात त्यांचा अभ्यास मागें पडतो, व परत आल्यावर वर्ग त्यांस हंसतो. जीं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात, त्यांच्या पाठीशीं घरचें कोणी नसतें. कपड्यांवरून, बोलीवरून, जातीवरून त्यांना डिवचलें जातें. आतां तें मोबाईलवरही चालतें. मग मुलाला घरींही विसावा राहत नाहीं.

शाळेंतला अपमान माणूस विसरत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारच्या हायस्कुलांत दाखल झाले. तो दिवस आज आपल्या राज्यांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेंत गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळें बसणें, आणि शिपायानें नळ सोडल्यावांचून पाणी न मिळणें, ही आठवण त्यांनीं प्रौढपणीं लिहून ठेवली आहे.

२. रऊबेनाची चूक. रऊबेन वाईट नव्हता. योसेफास जिवें मारूं नका, खड्ड्यांत टाका, असें त्यानें सांगितलें. मागाहून त्यास गुपचूप सोडवावें हा त्याचा विचार होता. परंतु योसेफास सोडवावयाचें आहे, असें तो भावांच्या तोंडावर बोलला नाहीं. भाऊ भाकर खावयास बसले, आणि रऊबेन परत आला तों खड्डा रिकामा होता! त्यानें वस्त्रें फाडलीं. पण योसेफ मिसराच्या वाटेस लागला होता. सुमारें वीस वर्षांनीं त्याच भावांना योसेफाची काकुळती आठवली. बघ्यांच्या कानांतही ती हांक उरते.

हें मी आधीं स्वतःस सांगतों. आमच्या मंडळींतील एका मुलास शाळेच्या वाटेवर सोबती छळीत असलेले मीं दोनदां पाहिलें. हेडमास्तरांस सवडीनें भेटूं असें मीं ठरविलें. ती सवड मला मिळाली तेव्हां मुलानें दप्तर आजीजवळ टाकलें होतें व तो आईबापांमागें फडावर गेला होता. माझा हेतु चांगला होता, रऊबेनाचाही होता.

३. काय करावें. मूल शाळेस जाण्यास टाळाटाळ करूं लागलें, सकाळीं पोट दुखतें म्हणूं लागलें, त्याच्या वह्या फाटूं लागल्या, तर रागें न भरतां विचारा. ‘तूंही दोन ठेवून दे’ किंवा ‘सोसून घे’ असें सांगूं नका. आधीं त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवा. मत्तय १८ व्या अध्यायांत अपराध्यास एकांतीं भेटण्याचा मार्ग सांगितला आहे. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभीं प्रभूनें लहानांस जपण्याविषयीं कडक इशारा दिला आहे. म्हणून एकट्या लेंकरास छळणाऱ्यांपुढें पाठवूं नये. वडील माणसानें बरोबर जावें व मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी.

कायदाही मौनाला अपराध मानतो. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा शिक्षणसंस्था व वसतिगृहें यांना लागू आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानें सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. त्यानें हयगय केली तर त्यानें गुन्ह्यास साहाय्य केलें असें धरलें जातें. १०९८ हा मुलांच्या मदतीचा मोफत दूरध्वनि क्रमांक रात्रंदिवस चालतो; तो प्रत्येक मुलास पाठ असावा. आणि सर्वांत सोपें काम मुलांच्याच हातीं आहे: एकटें पडलेल्या सोबत्याजवळ जाऊन बसणें व डबा वांटून खाणें. बघ्यांची संख्या सर्वांत मोठी असते. ते सरकले म्हणजे छळणारा एकटा पडतो.

४. छळणाऱ्यासही आशा आहे. योसेफास विकण्याची मसलत यहूदानें दिली. तोच पुढें बन्यामिनाऐवजीं स्वतः दास होण्यास तयार झाला. म्हणून छळणाऱ्या मुलास टाकून देऊं नये. त्याच्याही घरीं जावें. पुष्कळदां तोही कोणाचा तरी मार खात असतो. परंतु योसेफानें भावांचें मन पालटलें आहे हें पाहून मगच आपली ओळख दिली, हें विसरूं नये. अपराध कबूल होण्यापूर्वीं, ‘झालें गेलें, आतां क्षमा कर’ असें दुखावलेल्या मुलावर लादणें न्यायाचें नाहीं.

विचारासाठीं प्रश्न
१. आपल्या मंडळींतील कोणत्या मुलांचे आईबाप सध्यां दूर आहेत? त्यांची चौकशी कोण करतो?
२. रऊबेन भावांपुढें स्पष्ट कां बोलला नसावा? आपण कोणास भितों?
३. ह्या आठवड्यांत शाळेंत जाऊन कोणास भेटावयाचें आहे?

प्रार्थना: हे प्रभो, खड्डा रिकामा होण्यापूर्वीं आमचें तोंड उघड. आमेन.