दाबलेल्या हवेची निगा

बंगळूरु शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड हा भाग आहे. १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेली ही वस्ती आज संगणक उद्योगासाठी ओळखली जाते. तेथे रेल्वेचा कंटेनर डेपोही आहे. रुळांवरील मालगाडी आणि तिच्यातील माल वाहून नेणारे अवजड ट्रक या दोहोंना आवरून धरणारी शक्ती एकच असते, ती म्हणजे दाबलेली हवा.

हवेवर चालणाऱ्या ब्रेकची योजना अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये आगगाडीसाठी केली. पहिल्या रचनेत नळी फुटली की हवा निघून जाई आणि ब्रेक निकामी होत. म्हणून १८७२ मध्ये त्यांनी नवी रचना सिद्ध केली. तीत नळीतील दाब घटला की ब्रेक आपोआप लागत. पुढे हवेचे ब्रेक मोटारगाड्यांतही आले.

आपल्या सैन्यासाठी जबलपूर येथे १९५९ पासून ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागले. सैन्याच्या सेवेतून काढलेली वाहने लिलावात विकली जातात आणि नव्या मालकाकडे पुन्हा राबू लागतात. जुन्या लष्करी ट्रकांपैकी काहींत हवा थेट ब्रेक लावते, तर काहींत ती ब्रेकच्या तेलाला जोर पुरवते. दाब संपताच स्प्रिंगच्या जोराने ब्रेक लागण्याची आधुनिक सोय अनेक जुन्या ट्रकांत नसते. त्यामुळे त्यांची निगा अधिक दक्षतेने राखावी लागते.

इंजिनाच्या शक्तीवर कॉम्प्रेसर चालतो. त्याचा दट्ट्या बाहेरची हवा ओढून टाकीत कोंबतो. पुरेसा दाब साठला की गव्हर्नर हे काम थांबवतो. चालकाने पायपट्टी दाबताच हवा चाकांजवळच्या डब्यांत शिरते, तेथील रबरी पडदा दांड्याला ढकलतो, ब्रेकचे शू पसरतात आणि फिरत्या ड्रमवर घासून चाक थांबवतात.

या यंत्रणेचा पहिला शत्रू पाणी होय. दाबलेली हवा तापते. टाकीत ती थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. त्याने टाकी गंजते, आणि हिमालयातील कडक थंडीत ते नळ्यांत गोठते. म्हणून दररोज काम संपल्यावर टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढावे. पाण्याबरोबर फार तेल आले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता असते. हवेची गाळणी स्वच्छ ठेवावी. धुळीने रिंगा लवकर झिजतात. जेथे पट्टा असेल तेथे त्याचा ताण तपासावा.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. टाकी भरून इंजिन बंद करावे व दाबमापकाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. काटा लवकर उतरू लागल्यास सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे; बुडबुडे येतील तेथे गळती आहे असे समजावे. ट्रक नुसता उभा असला तरी रबर जुने होऊन तडकते, हेही विसरू नये. दुरुस्तीपूर्वी चाकांना उटी लावावी आणि टाकीतील हवा पूर्ण सोडावी. कोंडलेल्या हवेचा सांधा उघडणे जिवावर बेतू शकते.

कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात डिझेल वाचवण्यासाठी काही चालक इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडतात. इंजिन थांबले की कॉम्प्रेसरही थांबतो. प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना साठा घटत जातो आणि शेवटच्या वळणावर पायाखाली बळ उरत नाही. वाचलेल्या चार पैशांची किंमत तेव्हा चालकालाच नव्हे, तर रस्त्याने जाणाऱ्या निरपराध माणसांनाही मोजावी लागते. म्हणून उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि इंजिन चालूच ठेवावे.

स्वाध्याय
१. टाकीत पाणी का साठते?
२. वेस्टिंगहाउस यांच्या दोन रचनांतील फरक सांगा.
३. घाटात इंजिन बंद करणे धोक्याचे का, ते तुमच्या शब्दांत लिहा.