सिकलसेल : जनुक एकटं नसतं

निरगुडसरकडे सिकलसेल हा शब्द फारसा कानावर येत नाही. पण आपल्या सोयरिकी आता नागपूर-चंद्रपूरपर्यंत जुळतात, आणि विदर्भातल्या बौद्ध व आदिवासी घरांत हा आजार जुना आहे. 1958 सालीच शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती.

हिमोग्लोबिन हे रक्तातून प्राणवायू वाहणारं प्रथिन. त्याच्या बीटा साखळीतला सहावा मणी बदलला की ही प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हे जनुक आई-वडील दोघांकडून आलं तर मूल ग्रस्त, एकाकडूनच आलं तर वाहक. वाहक आजारी नसतो.

मग दोन ग्रस्त भावंडांत एकाला सारख्या कळा येतात आणि दुसरा शेतात राबतो, असं का? कारण बाकीची जनुकं. अल्फा थॅलॅसेमियाचं जनुक सोबत असलं तर तांबड्या पेशी कमी फुटतात; कळा मात्र कमी होतीलच असं नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते जन्मानंतरही बऱ्यापैकी टिकलं तर आजार सौम्य राहतो. ते बंद करणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-11-ए. ही गोष्ट 2008 साली पक्की झाली.

कोणतं प्रथिन कोणाला चिकटतं, कोणती दोन जनुकं मिळून वेगळा परिणाम करतात, हे हजारो शोधनिबंधांत विखुरलेलं असतं. ते वाचून, पारखून नोंदवणारे डेटाबेस आहेत. कॅनडातल्या टोरांटोत सुरू झालेला 'बायोग्रिड' त्यातला मोठा. आपल्याकडे बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर 2003 साली माणसाच्या प्रथिनांचा असाच डेटाबेस उभा केला; निबंध वाचायचं काम इथल्या तरुण जीवशास्त्रज्ञांनी केलं. तलाठी जसा कागदाशिवाय फेरफार धरत नाही, तशी इथं प्रत्येक नोंदीला प्रयोगाची पद्धत आणि मूळ निबंधाचा दाखला लागतो. रुग्णाचं नाव त्यात नसतं. बायोग्रिड कुणालाही फुकट पाहता येतो.

ज्ञान फुकट, उपचार मात्र नाही. बीसीएल-11-ए दाबणारा जनुकीय उपचार 2023 च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर! ज्यांच्या रक्तावर हे शास्त्र उभं राहिलं, त्यांच्या वस्तीपर्यंत तो कधी यायचा? तोवर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे. तीही बाळाचं हिमोग्लोबिन वाढवते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासूनच घ्यायची.

आता लग्नाचं. मुलगा सिकल वाहक, मुलीची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह, म्हणून घरचे निर्धास्त होतात. ती चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन पकडते. मुलगी बीटा थॅलॅसेमियाची वाहक असेल तर ते त्यात दिसत नाही, आणि दर गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला सिकल-थॅलॅसेमिया होण्याची राहते. म्हणून दोघांचीही एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून घ्या. वाहक निघाली म्हणून मुलीला नाकारायचं कारण नाही. दोघंही वाहक निघाले तरी गरोदरपणात लवकर तपासणी करता येते. जुलै 2023 पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. तपासणी कुठं होते ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आणि रिपोर्ट घरात जपून ठेवा. पुढच्या पिढीच्या सोयरिकीलाही तो लागेल.