होस्टेलवरची गिटार

मिरज, ४ मे

चि. बंडूस,

तुझे फोटो पोचले. अकरा फोटो आणि एक व्हिडिओ. स्थळाकडून यावेत तसे सगळे समोरून, चांगल्या उजेडात काढलेले. मला बघायची होती ती मान, आणि ती बाजूनं एकाही फोटोत नाही.

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे. यामाहा एफ ३१०, सीनियर आठ हजार मागतोय, दुकानात नवी साडेदहाला आहे, घेऊ का? उत्तरही एका ओळीत देता आलं असतं. पण जयपूरच्या एका शाळेत बावीस वर्षं संगीत शिकवताना मी पोरांसाठी तीस-पस्तीस जुन्या गिटारी घेतल्या, विकल्या, आणि दोन-तीनदा चांगली तोंडावर आपटले. ते आपटणं तुझ्या तरी कामी यावं.

आधी साडेदहाचं. जयपुरात एम. आय. रोडवर स्वतः जाऊन हा आकडा विचारलास हे छान केलंस. सीनियरनं २०२२ मध्ये किती दिले, पहिल्या वर्षी घरची आठवण यायची तेव्हा याच गिटारनं कसं सांभाळलं, हे सगळं ऐकून घे, पण हिशेबात धरू नकोस. जी गिटार आजही कोऱ्या खोक्यात मिळते, तिचा जुना भाव आजच्या नव्या भावावरून खाली मोजत यायचा. नीट राखलेली असेल तर मी साठ टक्के धरते. म्हणजे ६,३०० रुपये. इथून पुढं वजाबाकी, आणि ती गिटार हातात घेतल्याशिवाय होत नाही.

जुनी म्हणजे जास्त चांगली, असं तुला वाटणार हे मला माहीत आहे, कारण आपण मिरजेचे. सतारमेकर गल्लीत पन्नास वर्षांचा तंबोरा दुरुस्तीला आला तर माणसं त्याच्याकडं आदरानं बघतात. त्याची जवारी पुन्हा काढता येते, तबली बदलता येते, फुटका भोपळासुद्धा सांधता येतो. कारखान्यातल्या स्वस्त गिटारला हे लागू नाही. एफ ३१० ची तबली अख्ख्या स्प्रूसची नाही, पातळ थर एकावर एक चिकटवलेली आहे. सरळ भाषेत प्लाय. अख्ख्या लाकडाची तबली वाजवून वाजवून खुलते असं वाजवणारे सांगतात, प्लायची बहुतेक आहे तशीच राहते. तेव्हा सीनियर ‘तीन साल में साउंड पक गया है’ म्हणाला तर हसून सोडून दे. मात्र तुझ्यासाठी मला प्लायच बरी वाटते. मे महिन्यात जयपूरची दुपार ४५ अंशांपर्यंत जाते, हवेत ओलाव्याचा थेंब नसतो, आणि रात्री तुम्ही पोरं कूलर लावून खोलीत पावसाळा आणता. अख्खं लाकूड या आकसण्या-फुगण्यात तडकतं, प्लाय पुष्कळ सोसते.

बघायला सकाळी जा, खिडकीपाशी बस. सोबत स्टीलची मोजपट्टी, एखादं जुनं व्हिजिटिंग कार्ड आणि कंगव्याबरोबर मिळतो तसला छोटा आरसा ने. ट्यूनर आणि टॉर्च फोनमध्ये आहेच.

हातात घेतल्याबरोबर सूर लाव. हे मी अक्षरशः पैसे मोजून शिकले. २००९ च्या जून महिन्यात एका विद्यार्थिनीसाठी एका दुकानातून ४,२०० रुपयांना गिटार घेतली. चकचकीत पॉलिश, तारा पडद्यांना लोण्यासारख्या टेकत होत्या. घरी येऊन सूर लावते तर कळलं की तारा तब्बल दीड स्वर उतरवून ठेवलेल्या. पट्टीत चढवल्यावर अर्ध्या तासात मान ओढली गेली, तारा वर उचलल्या आणि बारा वर्षांच्या त्या पोरीच्या बोटांना वळ पडायला लागले. परत द्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, कल तो ठीक थी.’ खरंच ठीक होती, सैल तारांवर. म्हणून आधी ट्यूनर लावून सहाही तारा पट्टीत आण, मग वीस मिनिटं सीनियरशी गप्पा मार आणि त्यानंतर मोजपट्टी काढ.

बाराव्या पडद्यापाशी सगळ्यात जाड तारेच्या खाली किती जागा आहे ते मोज. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. तीनपर्यंत चालेल. चार असेल तर दोन शक्यता आहेत आणि त्यांतला फरक हजारो रुपयांचा आहे. एक म्हणजे मान थोडी पुढं वाकलीय. पहिला आणि चौदावा पडदा एकदम दाब आणि सातव्यापाशी तार किती वर तरंगते ते बघ. कागदाच्या जाडीएवढी फट हवी. जास्त असेल तर मानेच्या पोटातली सळी, ट्रस रॉड म्हणतात ती, किल्लीनं थोडी फिरवून काम होतं. कारागीर पाच मिनिटांत करतो. तू करू नकोस, इंजिनिअरिंगला गेलास तरी.

दुसरी शक्यता वाईट. मान सरळ आहे, पण तिचा धडाशी कोनच बदललाय. हे ओळखायला मोजपट्टी पडद्यांवर उभी ठेवून घोडीकडं सरकव. तिचं टोक घोडीच्या लाकडाच्या माथ्यावर अलगद आलं पाहिजे. घोडीच्या अंगावर आदळत असेल, आणि वरची पांढरी सॅडलची पट्टी आधीच घासून घासून लाकडाच्या सपाटीला आलेली असेल, तर तारा आणखी खाली आणायला जागाच उरलेली नाही. मान काढून पुन्हा बसवायची म्हटली तर या किमतीच्या गिटारला तो खर्च गिटारपेक्षा जास्त येतो. अशी गिटार दोन हजारांतही महाग. तिथं घासाघीस करू नकोस, चहा पिऊन परत ये.

असं का होतं ते समजून घेतलंस तर बाकीचं तुला तुझंच दिसायला लागेल. सहा स्टीलच्या तारा मिळून घोडीला सुमारे ७० किलोनं ओढत असतात, दिवसरात्र, वाजवत असशील किंवा नसशील. एक मोठा माणूस सतत लटकल्यासारखं. हा ताण माझ्या डोक्यात बसला तो जयपुरात. मी जयपूरला निघाले तेव्हा इथल्या लोकांना वाटलं, अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर घराण्याचं गाणं शिकायला चाललीय. खाँसाहेब कोल्हापूरला येऊन किती वर्षं झाली हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं! तिथं मला भेटली ती गिटार, आणि तीही विश्वमोहन भट्टांमुळे. १९९४ मध्ये राय कूडरबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’साठी त्यांना ग्रॅमी मिळालं होतं आणि शाळेतली पोरं ‘जयपूरवालेच आहेत ते’ असं अभिमानानं सांगायची. गिटारच्या अंगावर तरफेच्या तारा चढवून त्यांनी मोहनवीणा केली. पहिल्यांदा ऐकताना बाकीचे आवाजात रंगले होते आणि मी मनात म्हणत होते, या तबलीला एवढा ताण सोसतो तरी कसा! तंबोऱ्याच्या गावातलं माणूस, दुसरं काय सुचणार.

तर तो ताण कुठं दिसतो? घोडीच्या मागं तबलीला हलका फुगवटा असतोच, त्याला घाबरू नकोस. पण घोडीच्या मागच्या कडेखाली कार्ड घालून बघ. आत शिरलं तर डिंक सुटायला लागलाय. जयपुरात हे फार बघितलं. गिटार उन्हातल्या गाडीत ठेवायची, डिंक मऊ होतो, ७० किलो आपलं काम करतात. मग टॉर्च लावून भोकातून आरसा आत धर, आतल्या आडव्या-तिरप्या पट्ट्या जागेवर आहेत का बघ, आणि तबलीवर बोटाच्या पेरानं हलकेच टकटक कर. कुठं खरखर ऐकू आली तर पट्टी सुटलीय. शेवटी खुंट्यांच्या पाटीमागं, मान जिथं बारीक होते तिथं, नखानं चाचप. गिटार पडली की तिथंच मोडते, आणि जोडून वरून पॉलिश मारलं की फोटोत दिसत नाही.

बाकीचं किरकोळ. मानेच्या कडेनं हात फिरवताना पडद्यांची टोकं बोचली तर समज की तिनं जयपूरचा उन्हाळा काढलाय. लाकूड आकसलं, धातू तेवढाच राहिला. कारागीर कानसीनं घासून देतो. पहिल्या तीन पडद्यांवर तारांखाली खड्डे असतील तर तिनं खरंच गाणी वाजवलीत, खड्डे खोल असतील तर पाचशे कमी कर. ओरखडे, स्टिकर, चहाचा डाग यांचे पैसे कापू नकोस. आणि ‘रोझवूड है’ या शब्दाला भुलू नकोस. ते आपलंच शिसव. ब्राझीलचं मिळेनासं झालं तेव्हा १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनंही भारतातलं शिसव वापरायला घेतलं, म्हणून त्या नावाला वजन आलं. मानेवरच्या पातळ पट्टीनं आठ हजारांचं समर्थन होत नाही.

आता तुझा हिशेब. फोटोत तारा काळ्या पडल्यात, त्या बदलायला आणि सेटिंग करून घ्यायला मी १,३०० रुपये धरते. ६,३०० मधून गेले, उरले ५,०००. बॅग आणि कॅपो देतोय, त्याचे पाचशे वर. रास्त भाव साडेपाच हजार, मान आणि घोडी शाबूत असेल तर. नसेल तर वर सांगितलं तसं, चहा.

मे संपताना होस्टेलं रिकामी होतात, तेव्हा एकेका मजल्यावर तीन-तीन गिटारी विकायला असतात आणि प्रत्येकीच्या मालकाचं गाडीचं तिकीट काढलेलं असतं. शेवटच्या दिवशी गेलास तर साडेतीनलाही मिळेल. मी तसं कर म्हणणार नाही.

एकदा जयपूरच्या बापूनगरमध्ये एका वयस्कर गृहस्थांकडं गिटार बघायला गेले. मुलगा परदेशी गेलेला, गिटार कपाटावर. दोन हजार म्हणाले. टॉर्च लावून भोकाच्या कडेकडं बघितलं तर तबलीच्या वरच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरत होत्या, मधे थर नाहीत. अख्खं स्प्रूस. सहा-सात हजारांना कुणीही डोळे मिटून घेतली असती. मी काही बोलले नाही. दोन हजार मोजले आणि रिक्षात बसले. पंधरा दिवस ती गिटार घरात होती, पण मला धड वाजवता येईना. शेवटी अडीच हजार पाकिटात घालून त्यांच्याकडं गेले, सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट उघडलंही नाही. म्हणाले, ‘बेटी, सौदा हो गया.’ त्यांना राग आला की वाईट वाटलं, मला अजून कळलेलं नाही. गिटार माझ्याकडंच आहे, पुढच्या खोलीत, तू लहानपणी जिच्या तारा तोडल्यास तीच.

तेव्हा सीनियरला सरळ सांग, नवी साडेदहा, साठ टक्के, तारा-सेटिंगचे इतके वजा, बॅगेचे इतके अधिक. कागदावर लिहून दाखव. तो ओढून सहापर्यंत नेईल, तेवढं दे. त्याच्या वर जाऊ नकोस, आणि घाई असल्याचं त्यानं सांगितलं तरी पाचाच्या खाली येऊ नकोस. पैसे देण्याआधी एक संपूर्ण गाणं त्याच्यासमोर वाजव, प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून झाल्यावर. कुठं झणझणलं तर तिथंच दाखव, घरी आल्यावर नाही.

खोलीवर नेताना भर दुपारी स्कूटरवरून नेऊ नकोस. कूलरच्या समोरच्या भिंतीला टेकवू नकोस, आणि साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज आत घालून ती बॅगेत ठेव, पावसाळा सुरू होईपर्यंत.

तुझ्या बाबाला यातलं काही सांगत नाही. तो विचारेल तेव्हा तूच सांग.

तुझी
आत्या

ता. क. बाराव्या पडद्यापाशी जाड तारेखाली किती जागा आहे ते मिलिमीटरमध्ये कळव. ‘ठीक वाटतंय’ असं लिहून पाठवू नकोस. आणि मानेचा फोटो, बाजूनं.