प्रार्थनेत अंग थरथरते तेव्हा



पवित्र साक्रामेंतासमोर किंवा घरी ध्यानाला शांत बसलो की आपल्यापैकी काहींच्या पायांना मुंग्या येतात, अंगाला झटका बसतो, मान डोलू लागते, डोळे आपोआप भरून येतात. कोणी घाबरतो, 'हा सैतानाचा त्रास तर नसेल?' कोणाला वाटते, पवित्र आत्मा माझ्यावर विशेष उतरला. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

असे अनुभव केवळ ख्रिस्ती माणसाला येतात असे नाही. १९४७ नंतर स्वामी मुक्तानंदांनी येवला-चाळीसगाव भागात ध्यानसाधना केली. अंग आपोआप हलू लागले तेव्हा आपल्याला वेड लागते की काय, अशी भीती त्यांना वाटली. 'चित्शक्तिविलास' या आत्मकथनात त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले आहे. योगमार्गात याला 'क्रिया' म्हणतात व कुंडलिनीशी त्याचा संबंध जोडतात. आपली श्रद्धा वेगळी आहे. पण शरीर सर्वांचे सारखेच.

शरीराची कारणे साधी असतात. मांडी घालून बराच वेळ बसले की नसा दबून मुंग्या येतात. डुलकी लागताना स्नायू एकदम झटकतात. भरभर श्वास घेतला की बोटे व ओठ बधिर होतात. उपवासकाळात जळगाव-धुळ्याच्या उन्हात रिकाम्या पोटी, पाणी न पिता बसले तर भोवळ येते.

आविलाच्या संत तेरेजा यांनी १५७७ साली 'इंटीरियर कॅसल' या ग्रंथात अशीच एक हकिगत सांगितली आहे. कठोर तपाने अशक्त झालेली एक व्यक्ती आठ-आठ तास गुंगीत राही आणि ती समाधी समजली जाई. पुरेशी झोप व जेवण मिळताच गुंगी गेली! व्हॅटिकननेही १९८९ साली बिशपांना पाठविलेल्या पत्रात सावध केले, की शारीरिक आसनांतून मिळणारी शांती, ऊब किंवा प्रकाशाचा भास म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन असे समजू नये.

मग आपण काय करावे?

१. घाबरू नये, मिरवूही नये. आसन बदलावे, श्वास सावकाश घ्यावा, मन पुन्हा प्रभूकडे वळवावे.

२. झटके मुद्दाम आणू नयेत. दुसऱ्याला येतात म्हणून स्वतःला कमी लेखू नये.

३. शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा झटके वारंवार येऊ लागले तर डॉक्टरांकडे जावे. फिटची गोळी प्रार्थनेच्या भरवशावर कधीही बंद करू नये.

४. मन बेचैन राहिले, झोप उडाली तर ध्यान काही दिवस थांबवावे व धर्मगुरूंशी बोलावे.

प्रार्थनेची खरी पारख संत पौलाने दिली आहे (गलती ५:२२-२३): प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता. ध्यानात अंग हलले की नाही, हे देव विचारणार नाही. ध्यानातून उठल्यावर घरच्यांशी आपण कसे बोललो, हे मात्र आपण रोज तपासू शकतो.

चिंतनासाठी: या आठवड्यात माझ्या प्रार्थनेचा गोडवा माझ्या घरात कोणाला जाणवला?