दाताचे डॉक्टर रिकामे बसतात का?

प्रश्न : तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आमच्याकडे दाताचे डॉक्टर आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी यायचे. रांग लागायची. आता स्टँडच्या रस्त्यावरच तीन-चार पाट्या आहेत, दवाखाना रात्री नऊपर्यंत उघडा, अन् बाकड्यावर दोनच माणसं. डॉक्टरांचं काम वाढलं की घटलं?
– एक वाचक, सेलू

उत्तर : दवाखाना उघडा राहण्याचे तास वाढले, माणसं विभागली गेली आणि तरी खुर्ची तुम्हाला वाटते तितकी रिकामी नाही.

बाजाराच्या दिवशीचे डॉक्टर मुख्यतः दात काढायचे. इंजेक्शन, बधिर होईपर्यंत थोडं थांबायचं, चिमटा, कापूस चावून धरा, पुढचा या! आज तीच दाढ वाचवायची म्हणून रूट कॅनाल होतं. एका बैठकीला पाऊण-एक तास, मग कॅपचं माप, मग कॅप बसवणं. दाताच्या मुळातली नळी साफ करणारी फाइल हाताने फिरवायच्या काळात तीन-चार बैठका जायच्या. मोटरवरच्या रोटरी फाइलने बऱ्याचदा एक-दोन बैठकांत भागतं. त्यामुळे नुसती डोकी मोजून काम कळत नाही.

शिवाय डॉक्टर किती वाढले! औरंगाबादचं सरकारी दंत महाविद्यालय 1982 चं. पुढे लातूर, नांदेड आणि खुद्द तुमच्या परभणीतही खासगी महाविद्यालयं आली. देशात ती आज तीनशेच्या वर आहेत. वेळ आहे पण पैसा नाही, असा माणूस कॉलेजच्या ओपीडीत जातो.

पाट्यांवरची ‘10 ते 2, 5 ते 9’ ही वेळ एसटीने ठरवलेली. खेड्यातला माणूस परतीची गाडी धरायला दुपारीच निघतो, नोकरदार संध्याकाळी येतो. सोयाबीन काढणीत तर दाढेखाली लवंग धरून लोक दिवस ढकलतात. आणि 2020 च्या करोनानंतर फोन करून येण्याची सवय लागली, म्हणून बाकडं ओस दिसतं.

अमेरिकेत दंतवैद्यांची संघटना असे तास आणि रुग्ण पाहणी करून मोजते. तिथला आठवडा सरासरी चाळीस तासांच्या आतच. पण तिथे दात साफ करायला वेगळे हायजीनिस्ट असतात. आपल्याकडे ते कामही बहुधा डॉक्टरच करतात, तेव्हा तुलना बेतानेच करावी.

पेशंटच्या बाजूने पाहिलं, तर खेपांचा खरा जाच कवळीला. माप, चावा, मेणातली ट्रायल, बसवणं, मग टोचते म्हणून घासून घेणं. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण सोबत येणाऱ्या मुलाचं तिकीट आणि बुडालेला रोज कोण देणार? दराआधी खेपा विचारा.